ठिणगी गेली, सुई उरली

1947 साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी बोटाच्या पेराएवढा एक प्लग विकायला काढला आणि मॉडेल इंजिनांच्या धंद्यातला सगळा विजेचा पसारा हळूहळू मोडीत निघाला. तोवरची तिथली बहुतेक छोटी इंजिनं मोठ्या मोटारींच्याच रीतीने चालत. 1930च्या दशकात गाजलेलं बिल ब्राउन यांचं ‘ब्राउन ज्युनियर’ घ्या: इंजिन मुठीत मावणारं, पण त्याच्यासोबत बॅटरी, कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट्स असा लवाजमा, म्हणजे इंजिनापेक्षा त्याला पेटवणाऱ्या सामानाचंच ओझं जास्त. आर्डेनच्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची एक बारीक गुंडाळी होती. सुरू करताना तिला दीड व्होल्ट द्यायचे आणि इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे मेथॅनॉलची वाफ, प्लॅटिनमचा पृष्ठभाग आणि आधीच्या स्फोटाची उष्णता मिळून तार लालच ठेवतात. (ज्वलनशील वाफेत प्लॅटिनमची तार ज्योतीशिवाय तापून लाल होते, हे हंफ्री डेव्ही यांनी 1817 मध्येच दाखवलं होतं. त्याचं इंजिन व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षं गेली.) या घटनेची हकीकत एरवी सोय वाढल्याची आणि काम सोपं झाल्याची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी पटत नाही. आर्डेनच्या प्लगने भाग कमी केले, पण कसब वाढवलं. ते कसब कारखान्याच्या टेबलावरून उचलून गाडीच्या मालकाच्या बोटांत आणि कानांत नेऊन ठेवलं. नायट्रो इंजिनाची देखभाल आणि ट्यूनिंग ही जी स्वतंत्र विद्या पुढे उभी राहिली ती या वजाबाकीतून, आणि ओसरली तीसुद्धा तिच्यामुळेच.

यासाठी आधी नेमकं काय वजा झालं ते पाहायला हवं. स्पार्कच्या इंजिनावर एक छोटा दांडा असे. तो पुढे-मागे केला की ठिणगी लवकर किंवा उशिरा पडे. म्हणजे मिश्रणात इंधन किती हे कार्ब्युरेटरची सुई ठरवी आणि पेट कधी घ्यायचा हे दांडा ठरवी. दोन कामं, दोन हत्यारं. ग्लो प्लगच्या इंजिनात दांडाच नाही. पण पेट घेण्याची वेळ ही गोष्ट काही नाहीशी होत नाही. ती आता तीन ठिकाणी विखुरली: तार किती गरम राहणारी आहे, डोक्याखाली, म्हणजे सिलिंडर हेडखाली, किती जाडीच्या पत्र्या घालून कॉम्प्रेशन किती ठेवलं आहे, आणि इंधनात नायट्रोमिथेन किती टक्के आहे. शिवाय मिश्रण लीन केलं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी केलं, की इंजिन तापतं आणि तापलं की पेट आणखी अलीकडे येतो. म्हणजे सुई फिरवणारा माणूस इंधन कमी-जास्त करता करता नकळत टायमिंगही हलवत असतो. प्लग बदलायला पाना लागतो, पत्री बदलायला डोकं उघडावं लागतं, इंधन बदलायला टाकी रिकामी करावी लागते. चालत्या इंजिनावर, स्क्रूड्रायव्हरच्या एका वळशात बदलता येते ती फक्त सुई. म्हणून सगळा भार तिच्यावर आला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. या इंजिनांचं नावच नायट्रो. मग त्यांचा इतिहास प्लगचा नसून इंधनाचा, पर्यायाने रसायनशास्त्राचा नाही का? नायट्रोमिथेन हेरमान कोल्बे यांनी 1872 मध्ये तयार केलं, पण ते बाटलीबाहेर पडलं 1930च्या दशकात, पर्ड्यू विद्यापीठात हेन्री हॅस आणि सहकाऱ्यांनी प्रोपेनपासून नायट्रोपॅराफिनं बनवण्याची रीत काढल्यावर. त्यानंतर कमर्शियल सॉल्व्हंट्स कंपनीने त्याचं उत्पादन सुरू केलं. हे झालं नसतं तर नायट्रो गाडी झाली नसती, हे खरंच. आकडे पाहा. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, मेथॅनॉलला साडेसहा किलोच्या आत, आणि नायट्रोमिथेनला जेमतेम 1.7 किलो, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. सिलिंडरमध्ये हवा मावते तेवढीच. तिच्यासोबत इंधन मात्र कितीतरी जास्त घालता येतं, म्हणून ताकद वाढते. पण हेच आकडे माझ्या बाजूनेही बोलतात. नायट्रोची टक्केवारी पाचाने बदलली तरी सुई जागची हलवावी लागते. रसायनाने ताकद दिली आणि तिच्यासोबत चुकायची जागाही वाढवली. इंधनातल्या तिसऱ्या घटकाबद्दल आपल्याकडे थोडं अधिक बोलायला हरकत नाही, कारण तो आपल्या ओळखीचा आहे: एरंडेल. टू-स्ट्रोक इंजिनात वेगळं ऑइल नसतं, जे काही वंगण ते इंधनातूनच येतं. आणि मेथॅनॉलमध्ये साधं खनिज तेल मिसळत नाही, एरंडेल मिसळतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं एरंडेलावरच चालत. पुढे कृत्रिम तेलं आली, ती स्वच्छ जळतात, पण इंजिन चुकून लीन होऊन भडकलं तर एरंडेलाचा थर टिकून राहतो आणि पिस्टन वाचवतो. म्हणून आजही बऱ्याच नायट्रो इंधनांत त्याचा थोडा अंश ठेवतात. जगातलं बहुतांश एरंडेल भारतात, त्यातही गुजरातेत होतं. कॅलिफोर्नियातल्या किंवा इटलीतल्या ट्रॅकवरच्या त्या खास वासात मेहसाणा-बनासकांठ्याच्या शेतांचा वाटा असायची शक्यता दांडगी आहे.

आर्डेनचा प्लग आला तेव्हा त्याचं खरं गिऱ्हाईक विमानवाले होते. विमानाला वजन जड पडतं आणि त्याचं इंजिन बहुतेक वेळ एकाच वेगाने, पूर्ण उघड्या थ्रॉटलवर घोंघावतं. अशा इंजिनाला एक सुई पुरते: जमिनीवर लावायची आणि सोडून द्यायचं. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेतल्या कॅडेटांना एरोमॉडेलिंगमध्ये भेटली ती याच कुळातली इंजिनं. कोलकात्याची ‘ऑरोरा’ इंजिनं देशभरच्या मॉडेलवाल्यांना माहीत होती. गाड्यांचीही तेव्हा तीच तऱ्हा. 1940च्या दशकातल्या अमेरिकन टेदर कार, म्हणजे मधल्या खुंट्याला तारेने बांधून 70 फूट व्यासाच्या वर्तुळात पळवायच्या गाड्या, डूलिंग बंधू किंवा डिक मॅकॉय यांची 10 सीसीची इंजिनं घेऊन ताशी शंभर मैलांच्या वर जात, पण वळण, ब्रेक, उचल यांपैकी त्यांच्या नशिबी काही नव्हतं. 1960च्या दशकाच्या अखेरीस रेडिओने चालणारी गाडी आली आणि चित्र बदललं. अमेरिकेत रोअर ही संघटना 1967 मध्ये उभी राहिली. इंग्लंडात लेस्टरच्या मार्डेव्हने इंजिनवाल्या गाड्या विकायला घेतल्या. विमानाचं इंजिन या गाड्यांत घातल्यावर लगेच कळून चुकलं की ते इथे पोरकं आहे. पंख्याचा वारा नाही, म्हणून डोक्यावर पंखांची मोठी ॲल्युमिनियमची टोपी बसवावी लागली. आणि एका फेरीत दहा वेळा थ्रॉटल सोडायचा, दहा वेळा दाबायचा, म्हणून एका सुईच्या दोन झाल्या: एक वरच्या वेगासाठी, एक खालच्या. त्यात भर आयडल स्क्रूची. हे तिन्ही एकमेकांत पाय अडकवतात. वरची सुई हलवली की खालचं बिघडतं, खालचं सावरलं की आयडल चढतं. गाडीच्या ट्यूनिंगची विद्या विमानापासून वेगळी झाली ती इथे.

त्याच सुमारास इंजिनाच्या आतही एक बदल झाला आणि त्याने देखभालीचा सगळा आचारधर्म ठरवला. 1960च्या दशकात अमेरिकेत बिल विस्नियेव्स्की यांनी एबीसी रचना रुळवली: ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह, तिला आतून क्रोमचा मुलामा. पिस्टनला रिंगच नाही. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, त्यामुळे थंड इंजिनाचं फ्लायव्हील हाताने फिरवलं तर पिस्टन वर पोचताना अडकल्यासारखा धरला जातो. इंजिन तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुलतं आणि नेमकी हवी तेवढीच फट उरते. म्हणजे हे इंजिन गरम असतानाच बरोबर मापाचं असतं. नवं इंजिन चार टाक्या भरपूर रिच, म्हणजे इंधन जास्त, ठेवून, धुराच्या लोटात, थंड-थंड चालवायचं ही जुनी रीत रिंगच्या इंजिनांसाठी ठीक होती. एबीसीत तीच रीत पिस्टनला दर फेऱ्याला त्या अरुंद गळ्यात कोंबते आणि कनेक्टिंग रॉडवर ताण आणते. म्हणून डोकं आधी हीट गनने किंवा हेअर ड्रायरने तापवायचं, मग सुरू करायचं, मधूनमधून थांबवून पिस्टन खाली आणून गार होऊ द्यायचं, ही नवी रीत आली. जुन्या रीतीला मात्र अनेकजण वर्षानुवर्षं चिकटून राहिले, आणि लवकर निकामी झालेल्या इंजिनाचा दोष इंधनाला देत राहिले. दिवस संपल्यावरचा नियम दोन्हीकडे सारखाच: टाकी रिकामी करायची, उरलेलं इंधन जाळून टाकायचं, आत तेलाचे थेंब सोडायचे. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं, नायट्रोच्या ज्वलनातून आम्ल उरतं, आणि दोन्ही मिळून क्रँकचे बेअरिंग गंजवतात. दमट हवेच्या किनाऱ्यावर तर ते फारच लवकर होतं.

दुसरा आक्षेप असा की कानाने ट्यून करणं ही निव्वळ दंतकथा आहे. डोक्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा, आकडा वाचा, झालं. हे थर्मामीटर स्वस्त झाल्यावर डोक्यावर पाण्याचा थेंब टाकून तो किती वेळात उडतो हे पाहण्याची गरज संपली, यात वाद नाही. पण आकडा काय सांगतो? 115 अंश सेल्सिअस हे तापमान थंड सकाळी लीन इंजिनाचं असू शकतं आणि उन्हाळ्याच्या दुपारी रिच इंजिनाचं. खालची सुई लीन आणि वरची रिच असतानाही सरासरीत तोच आकडा निघू शकतो. म्हणून जाणते आयडलवर इंधनाची नळी चिमटीत धरतात. इंजिन दोन-तीन सेकंद तसंच चालून, आवाज किंचित चढवून बंद पडलं तर खालची सुई जागेवर आहे. लगेच मेलं तर लीन, रेंगाळत राहिलं तर रिच. मग सरळ रस्त्यावर धुराची रेघ दिसते का, आणि शेवटी प्लग काढून तार ओली व चकचकीत आहे की पांढुरकी होऊन वाकडी झाली आहे, ते पाहतात. एकच गोष्ट चार बाजूंनी तपासून पाहणं याला दंतकथा म्हणता येणार नाही. वैद्य नाडीसोबत जीभ आणि डोळेही पाहतो, तसंच हे. थर्मामीटरने या पुराव्यात एका साक्षीदाराची भर घातली, इतकंच.

मग ही विद्या ओसरली का? सरधोपट उत्तर आहे ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी: वीज वेगवान झाली आणि इंजिन हरलं. कोण आधी गेलं हे पाहिलं तर या उत्तराला तडा जातो. 1999 मध्ये ट्रॅक्सासने टी-मॅक्स हा नायट्रो मॉन्स्टर ट्रक आणला आणि तयार गाडी खोक्यातून काढून चालवणारे हजारो नवे लोक या छंदात आले. खोक्यात गाडी होती, पुस्तिका होती, दोन सुयांचा कान मात्र पुस्तिकेतून मिळत नाही. पुढच्या दहाएक वर्षांत विजेकडे आधी वळला तो हाच वर्ग: रविवारी दोन तास गाडी खेळवू पाहणारा आणि त्यातला दीड तास प्लग बदलण्यात घालवणारा. ज्यांच्याकडे विद्या होती ते, म्हणजे 1:8 गाड्यांचे शर्यतवाले, वीज आल्यावरही बराच काळ जागेवर राहिले. जागतिक स्पर्धांची तासाभराची अंतिम फेरी, 125 सीसीची टाकी, पिटमध्ये काही सेकंदांत इंधन भरून घेणं, या सगळ्यात 3.5 सीसीचं इंजिन आपली जागा धरून राहिलं. केवळ वेगाने निकाल लागला असता तर शर्यतवाले आधी गेले असते आणि रविवारचे गिऱ्हाईक मागाहून. झालं उलटं.

या मताची एक परीक्षा अलीकडे कायद्यानेच घेतली. नायट्रोमिथेनपासून स्फोटकं बनवता येतात. 1958 मध्ये इलिनॉयमधल्या माउंट पुलास्की इथे त्याने भरलेला रेल्वेचा टँकर उडाला तेव्हापासून त्याच्याकडे कुणी केवळ इंधन म्हणून पाहिलेलं नाही. युरोपीय संघाने स्फोटकांच्या कच्च्या मालावर निर्बंध घातले आणि 1 फेब्रुवारी 2021 पासून सामान्य ग्राहकाला 16 टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेनचं मिश्रण विकायला बंदी आली. 25 टक्क्यांवर वाढलेल्या युरोपच्या शर्यतवाल्यांना एकाच हंगामात सगळं नव्याने लावावं लागलं: डोक्याखालची पत्री पातळ, प्लग एक पायरी गरम, वरची सुई काही घरं आत. रे आर्डेन यांनी 1947 मध्ये काढून टाकलेल्या दांड्याचंच काम ते तीन ठिकाणी, हाताने करत होते. ज्यांना ते जमलं त्यांच्या गाड्या पहिल्यासारख्याच पळाल्या. ज्यांना नाही जमलं त्यांनी कमी नायट्रोला बोल लावला.