धुरंधर, महादेव विश्वनाथ

(१८ मार्च १८६७ – १ जून १९४४). इतिहासचित्रकार, भित्तिचित्रकार, पुस्तकचित्रकार आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील नामवंत शिक्षक. शिवराज्याभिषेक म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जो भरलेला दरबार उभा राहतो, तो घडवण्यात धुरंधरांच्या कुंचल्याचा वाटा फार मोठा आहे. चित्र घरोघर पोचले, चित्रकाराचे नाव मात्र तितके पोचले नाही. दिल्लीच्या सचिवालयातील त्यांच्या भित्तिचित्रांची तर मराठी वाचकाला फारशी खबरही नाही.

जन्म कोल्हापूरचा, पाठारे प्रभू कुटुंबातला. मुंबईला जाऊन चित्रकला शिकून आलेले आबालाल रहिमान कोल्हापुरातच होते, त्यामुळे चित्रकलेची वाट त्या गावाला अनोळखी नव्हती. १८९० च्या आरंभी धुरंधर जे. जे.मध्ये दाखल झाले. तेव्हा तिथे जॉन ग्रिफिथ्स मुख्याध्यापक होते. १८७२ पासून विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स. त्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्ये आगीत गेल्या, पण भिंतीवरचे चित्र हा थोर कलाप्रकार आहे हा संस्कार शाळेत टिकून राहिला. शाळेपासून चार पावलांवर नुकतेच उभे राहिलेले व्हिक्टोरिया टर्मिनस होते आणि त्याच्या सजावटीतही याच शाळेचे हात राबले होते. चित्र आणि इमारत यांचे नाते धुरंधरांना विद्यार्थिदशेतच रोज दिसत होते.

१८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय चित्रकार. पुढच्याच वर्षी ते आपल्याच शाळेत शिक्षक झाले. तिथून १९३१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते जे. जे.चेच राहिले. मधल्या काळात १९२७ मध्ये त्यांना रावबहादूर हा किताब मिळाला आणि १९३० मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन रजेवर असताना शाळेचे प्रमुखपदही त्यांनी हंगामी सांभाळले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय होत.

धुरंधरांचे खरे बळ त्यांच्या रेखनात आहे. माणूस उभा कसा राहतो, ओझे डोक्यावर घेतले की मान कशी ताठते, नऊवारीचा काष्टा चालताना कसा ताणला जातो, हे ते रस्त्यात पाहत आणि कागदावर उतरवत. एस. एम. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरचे पुस्तक (१९१२), श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत सांगणारे सी. ए. किंकेड यांचे पुस्तक (१९१४) आणि ऑटो रॉथफील्ड यांचे भारतीय स्त्रियांवरचे पुस्तक (१९२०) यांतील त्यांची चित्रे याची साक्ष देतात. ब्राह्मण, कोळी, पारशी, बोहरी, घाटावरचा हमाल, प्रत्येकाची पगडी वेगळी आणि ती डोक्यावर ठेवण्याची तऱ्हाही वेगळी. पोस्टकार्डांवरही त्यांनी मुंबईची अशी माणसे चितारली. लोणावळ्याजवळच्या मळवलीतला रविवर्मा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात आल्यावर त्यानेही धुरंधरांकडून चित्रे करून घेतली. देवादिकांच्या रंगीत छापील तसबिरी अशा रीतीने त्यांच्या हातून देव्हाऱ्यांपर्यंत गेल्या.

इतिहासचित्राचा मूळ साचा युरोपातला. एकोणिसाव्या शतकात म्यूनिकमध्ये कार्ल फोन पिलोटी यांनी भव्य इतिहासचित्रांची परंपरा शिकवली, तर विल्हेल्म फोन कौलबाख यांनी बर्लिनच्या नॉइएस म्युझियमच्या जिन्याच्या दालनात मानवाच्या इतिहासाचे टप्पे भिंतीभर रंगवले. राष्ट्राने आपला भूतकाळ मोठ्या आकारात समोर ठेवावा, ही त्यामागची धारणा. मुंबईत ही विद्या ब्रिटिश कलाशाळेतून आली. जर्मन वडिलांचे पुत्र ए. एच. म्यूलर हे धुरंधरांचे समकालीन. मुंबईत नाव कमावून पुढे ते राजस्थानातील संस्थानांकडे वळले आणि राजपूत इतिहास रंगवू लागले. धुरंधरांना त्यांचा विषय घरातच मिळाला होता आणि आश्रयदाताही जाणकार मिळाला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. शिवचरित्रातले प्रसंग त्यांनी निरनिराळ्या चित्रकारांकडून रंगवून घेतले. धुरंधरांची शिवकालीन चित्रे याच वातावरणातली आहेत. पावनखिंडीत महाराज आणि बाजीप्रभू, औरंगजेबाच्या दरबारात महाराज, हे प्रसंग त्यांनी हाताळले. पण सर्वांत मोठे काम राज्याभिषेकाचे.

त्या चित्रात शंभराहून अधिक माणसे आहेत. एवढी गर्दी एका चौकटीत बसवताना बहुतेक चित्रकार पुढच्या रांगेपुरते चेहरे रंगवतात आणि मागे नुसते ठिपके टाकून मोकळे होतात. धुरंधरांचा दरबार तसा उरकलेला नाही. सरदार, कारकून, भटजी, चोपदार यांच्या बसण्या-उभे राहण्यातून त्यांचे दरबारातले स्थान कळते. त्यांतच ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आहे. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. ६ जून १६७४ च्या समारंभाची प्रत्यक्षदर्शी हकीकत याच माणसाने लिहून ठेवली. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर लावलेली मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू, असे बारीक तपशील त्याच्या नोंदीत आहेत. ज्याने पाहिले त्यालाच चित्रात साक्षीदार म्हणून उभे करायचे, आणि तेही इंग्रजी अमलाखालच्या महाराष्ट्रात. इंग्रजांचा वकील मराठ्यांच्या छत्रपतीसमोर उभा आहे, हे त्या काळच्या प्रेक्षकाने नीट ओळखले असणार.

भित्तिचित्राकडे ते उतारवयात आले. सॉलोमन यांनी १९२० च्या सुमारास जे. जे.मध्ये भित्तिचित्रणाचा वर्ग सुरू केला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचा त्याला पाठिंबा होता. नव्या दिल्लीत हर्बर्ट बेकर यांनी बांधलेले सचिवालय सजवायचे ठरले, तेव्हा हे काम कोणी करावे यावरून मुंबई आणि कलकत्ता या दोन कलापंथांत चुरस लागली. बंगालचा पंथ युरोपीय वास्तववादाला परका मानत होता. मुंबईचे म्हणणे असे की, माणसाच्या शरीराचा अभ्यास पक्का असल्याशिवाय भिंतीवरची आकृती उभीच राहत नाही. मुंबईच्या चमूला मोठा वाटा मिळाला. धुरंधरांकडे विधी सदस्याचे दालन आले आणि तिथे त्यांनी हिंदू व मुस्लिम कायद्यांशी निगडित प्रसंग रंगवले.

विषय रुक्ष होता. कायदा रंगवायचा तर बहुतेकांना आठवते ती डोळे बांधलेली, तराजू धरलेली बाई. धुरंधरांनी तो मार्ग धरला नाही. कायदा माणसांच्या घरात जिथे उतरतो, तिथे ते गेले. स्त्रीधनाचा प्रसंग हा त्यातला ठळक नमुना. मुंबईच्या वाड्या-चाळींत लग्नकार्ये पाहिलेला, दागिने आणि लुगडी यांचा अचूक तपशील जाणणारा चित्रकारच हा विषय पेलू शकला असता. पुस्तकांसाठी काढलेल्या छोट्या जलरंगचित्रांतली नजर इथे भिंतीवर कामाला आली.

त्यांच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. पौराणिक चित्रांत त्यांचे देव कित्येकदा नाटक मंडळीतल्या नटांसारखे पवित्रा घेतात आणि प्रकाश रंगमंचावरून पडल्यासारखा वाटतो. नायकापेक्षा त्यांना घोळका अधिक साधतो. नव्या पिढीने १९४० नंतर अशा चित्रांकडे पाठ फिरवली आणि धुरंधर कॅलेंडरांचे चित्रकार ठरले. हा निवाडा अन्यायाचा होता. कॅलेंडरे आणि तसबिरी त्यांनी जरूर केल्या, पण मराठी इतिहासाला दृश्यरूप देताना लेखी साधन आणि जिवंत माणूस या दोहोंचा आधार घेणारा त्यांच्या तोडीचा दुसरा चित्रकार त्या पिढीत दाखवणे अवघड आहे.

‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) हे त्यांचे आत्मकथन १८९० ते १९३१ या काळातल्या जे. जे.चा मोलाचा दस्तऐवज आहे. त्यांची कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) याही जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार. वडिलांची चित्रे आणि कागदपत्रे त्यांनी निगुतीने जपली. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा नव्या प्रेक्षकाला त्यांच्या कामाचा आवाका प्रथमच एकत्र पाहता आला. सातारा जिल्ह्यात औंधच्या यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये बांधलेल्या श्रीभवानी संग्रहालयात आजही त्यांची चित्रे पाहता येतात.

दिल्लीच्या नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये आता ‘युगे युगीन भारत’ हे राष्ट्रीय संग्रहालय करण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. आजवर सरकारी दालनांत बंद राहिलेली मुंबईच्या चित्रकारांची भित्तिचित्रे त्या निमित्ताने लोकांसाठी खुली करावीत, त्यांची नीट छायाचित्रे व सूची प्रसिद्ध करावी आणि प्रत्येक भिंतीखाली चित्रकाराचे नाव लिहावे, ही मागणी महाराष्ट्रातून व्हायला हवी.