डेलॉस संघ : आघाडीकडून साम्राज्याकडे

इराणी आक्रमणाला तोंड देण्यासाठी इ.स.पू. ४७८ मध्ये एजियन समुद्रकाठच्या ग्रीक नगरराज्यांनी अथेन्सच्या नेतृत्वाखाली हा संघ स्थापन केला. सदस्य राज्ये जहाजे अथवा वर्गणी देत. पहिली वार्षिक आकारणी ४६० टॅलंट होती, असे इतिहासकार थ्युसिडिडीस नमूद करतो. बाहेर पडू पाहणाऱ्या नॅक्सॉस व थॅसॉस या बेटांना अथेन्सने नौदलाच्या बळावर नमविले. इ.स.पू. ४५४ च्या सुमारास संघाचा खजिना डेलॉस बेटावरून अथेन्सला हलविण्यात आला आणि वर्गणीची खंडणी झाली.

इ.स.पू. ४३२ च्या सुमारास अथेन्सने स्पार्टाचा मित्र असलेल्या मेगाराला साम्राज्यातील बंदरे व स्वतःची बाजारपेठ बंद केली. ही बंदी उठविण्याची स्पार्टाची मागणी पेरिक्लीसच्या सल्ल्यावरून फेटाळण्यात आली. इ.स.पू. ४३१ मध्ये युद्ध पेटले, इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सच्या शरणागतीबरोबर संघही लयाला गेला.