स्नॅपशॉट आणि डिस्क इमेज: दोन नकलांची गोष्ट

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

पावसाळ्याच्या तोंडावर हा विषय घेतला, त्याला कारण आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. १८६४ साली स्थापन झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ नंतर पुन्हा एकदा पाणी घुसलं आणि ग्रंथांचं मोठं नुकसान झालं. ही बातमी सगळ्यांनी वाचली. त्याच पाण्यात दुकानांचे, छापखान्यांचे, सनदी लेखापालांच्या कार्यालयांतले संगणकही बुडाले. त्यांची बातमी फारशी झाली नाही.

अशा प्रसंगानंतर आपण विचारतो, "बॅकअप होता का?" आणि पुष्कळदा उत्तर येतं, "होता की! रोज रिस्टोर पॉइंट पडत होता." तो पडत कुठे होता? त्याच संगणकात, त्याच हार्ड डिस्कवर. डिस्क पाण्यात गेली, तिच्याबरोबर रिस्टोर पॉइंटही गेला.

आजचं आमचं बोलणं या एका गैरसमजाबद्दल आहे. संगणकाच्या जगात दोन वेगवेगळ्या नकला तयार झाल्या. एक स्नॅपशॉट, दुसरी डिस्क इमेज. दोघींचा जन्म वेगळ्या संकटातून झाला. पण बाहेरून दोघी सारख्या दिसतात, म्हणून लोक एकीच्या जागी दुसरीवर विसंबतात.

हा फरक आपल्याला नवा नाही. दुकानातली रोजकीर्द आठवा. संध्याकाळी हिशेब जुळला नाही की दुकानदार पानं मागे उलटतो, चुकीची नोंद शोधतो, दुरुस्त करतो. वही हातात आहे तोवर हे उत्तम चालतं. आता खरेदीखत आठवा. आपल्या घरातला दस्त वाळवीनं खाल्ला, तरी नोंदणी कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल मिळते, कारण ती दुसऱ्या इमारतीत ठेवलेली असते. स्नॅपशॉट म्हणजे रोजकीर्दीत मागे जाणं. डिस्क इमेज म्हणजे नोंदणी कार्यालयातली नक्कल. वहीच जळाली तर मागे जाणार कुठे?

आता इतिहासाकडे वळू. आधी इमेज.

अख्ख्या डिस्कची बिट न् बिट नक्कल काढणं मोठ्या संगणकांवर १९७० च्या दशकातच होत होतं. युनिक्समधली डीडी ही आज्ञा त्याच काळातली, आणि ती आजही चालते. घरगुती संगणकावर ही सोय खऱ्या अर्थानं लोकप्रिय केली ती घोस्ट या प्रोग्रामनं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मरे हॅझार्ड यांनी तो १९९० च्या दशकाच्या मध्यात तयार केला, आणि १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीनं तो विकत घेतला. तो वापरायची पद्धत अशी: विंडोज बंद करायची, डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक चालू करायचा आणि पार्टिशनची सगळी नक्कल एका फाईलमध्ये काढायची. विंडोज झोपलेली असल्यामुळे नक्कल चालू असताना आत काही हलत नसे.

महाराष्ट्रात २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत पोचले. एका खोलीत दहा-पंधरा संगणक आणि दिवसभर नवशिक्यांचे हात. कोणी आयकॉन उडवी, कोणी पेनड्राइव्हमधून व्हायरस आणी. प्रत्येक यंत्रावर विंडोज नव्यानं टाकायची तर अर्धा दिवस जाई. म्हणून एक यंत्र नीट तयार करायचं, त्याची इमेज काढायची, आणि बाकीच्यांवर "घोस्ट मारायचा". हा शब्दप्रयोग संगणक दुरुस्तीच्या दुकानात आजही ऐकू येतो, "फॉरमॅट मारणे" याचा तो सख्खा भाऊ.

आता स्नॅपशॉट. याची गरज वेगळी होती. रोज अख्ख्या डिस्कची नक्कल काढायला ना वेळ ना जागा. मग कल्पना निघाली ती अशी: नक्कल काढूच नका. या क्षणी डिस्कवर काय कुठे आहे याचा फक्त नकाशा धरून ठेवा. पुढे एखादा भाग बदलायची वेळ आली की जुना भाग न पुसता नवा दुसरीकडे लिहा. स्नॅपशॉट क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागा घेत नाही. जसजसे बदल होतात तसतशी जागा लागते. नेटअ‍ॅप कंपनीच्या डेव्ह हिट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये आपल्या सर्व्हरसाठी मांडलेली रचना याच तत्त्वावर होती.

सामान्य माणसापर्यंत ही कल्पना सप्टेंबर २००० मध्ये विंडोज मी बरोबर आली, सिस्टम रिस्टोर या नावानं. सुरुवातीला ती काही निवडक फाईलींपुरतीच होती. विस्टापासून सिस्टम रिस्टोर शॅडो कॉपी या डिस्कपातळीच्या यंत्रणेवर चालू लागलं. लिनक्सकडे टाइमशिफ्ट आलं, आणि २०१७ च्या अखेरीस लिनक्स मिंटच्या १८.३ आवृत्तीत ते सोबतच मिळू लागलं.

इथे थांबून एक गोष्ट नीट ऐका, कारण यात अनेक जण फसले आहेत. सिस्टम रिस्टोर तुमची कागदपत्रं परत आणत नाही. टाइमशिफ्टही स्वतःहून तुमचा होम फोल्डर वगळतं. हे मुद्दाम केलं आहे. अपडेट बिघडलं म्हणून काल रात्रीच्या स्थितीत गेलात आणि त्याबरोबर आज सकाळी टाइप केलेला लेखही कालचा झाला, तर? म्हणून सिस्टम मागे जाते, तुमचं लिखाण जागेवर राहतं. सोय म्हणून उत्तम. पण याला "माझा बॅकअप" म्हणणं चूक.

बरं, मग दोन्ही ठेवू, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण या दोघी एका घरात नेहमीच सुखानं नांदत नाहीत.

रोलबॅक पद्धतीचे काही प्रोग्राम विंडोजच्याही खाली जाऊन बसतात. डिस्कच्या अगदी सुरुवातीला, संगणक चालू होताना जो भाग आधी वाचला जातो, तिथे ते स्वतःचा कोड ठेवतात. जुन्या स्थितीचे तुकडे अशा जागी ठेवतात की विंडोजला ती जागा रिकामी वाटावी. आता इमेज काढणारा प्रोग्राम येतो. तो शहाणा असतो, रिकाम्या जागेची नक्कल काढत बसत नाही. विंडोजच्या आतून इमेज काढली तर त्यात फक्त आजची स्थिती येते, सगळे जुने स्नॅपशॉट बाहेर राहतात. हे एक वेळ चालेल. पण सीडी किंवा पेनड्राइव्हवरून संगणक चालू करून बाहेरून इमेज काढली, तर रोलबॅकचा पहारेकरी जागाच नसतो. डिस्कवरचा उघडा नकाशा आणि तुमची आजची स्थिती यांचा मेळ बसेलच असं नाही. इमेज "यशस्वी" म्हणून पूर्ण होते, आणि परत टाकल्यावर कळतं की हा संगणक कुठल्या तरी जुन्याच दिवसातला आहे.

यावर उपाय दोन. एक, प्रत्येक सेक्टर कॉपी करायचा, रिकामा दिसणाराही. यात स्नॅपशॉटसकट सगळं येतं, पण ५०० जीबीच्या डिस्कवर १०० जीबी मजकूर असला तरी नक्कल ५०० जीबीची काढावी लागते. दुसरा उपाय, इमेज काढण्याआधी रोलबॅकचा प्रोग्राम रीतसर काढून टाकायचा, स्वच्छ इमेज घ्यायची, मग तो पुन्हा बसवायचा. रोज हे जमणार नाही, पण वर्षातून दोन-तीनदा घेतलेल्या मूळ इमेजसाठी हाच मार्ग भरवशाचा.

गंमत बघा, विंडोजच्या स्वतःच्या शॅडो कॉपीच्या बाबतीत नातं उलटं आहे. चालू संगणकाची इमेज काढायची तर आत सतत काहीतरी हलत असतं. म्हणून आजचे इमेजचे प्रोग्राम आधी शॅडो कॉपीकडून एका क्षणाचा स्नॅपशॉट घेतात आणि त्या गोठलेल्या क्षणाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर उतरवतात. म्हणजे इमेज स्नॅपशॉटच्या खांद्यावर उभी असते. भांडण होतं ते दोघींपैकी एक गुपचूप डिस्कच्या मुळाशी जाऊन बसली तर.

आता एक मोठा प्रसंग सांगतो, आपल्याच कोकणातला. २७ जून २०१७. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. संगणक बंद, कंटेनर अडकलेले. कारण हजारो मैल लांब होतं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम सुटला. तो डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या जाळ्यात शिरला, आणि त्याच समूहाचं हे टर्मिनल. नॉटपेट्या डिस्कचा सुरुवातीचा भाग आणि फाईलींची अनुक्रमणिकाच निकामी करत असे. अनुक्रमणिका गेल्यावर त्या डिस्कवरचे स्नॅपशॉट कोण शोधणार? त्याच्या दीड महिना आधी आलेल्या वॉनाक्रायनं तर शॅडो कॉपी पुसायची आज्ञाच सोबत आणली होती. चोराला कळलं होतं की किल्ली पायपुसण्याखाली असते.

मर्स्ककडे जगभर दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते, म्हणजे कोणाला कुठे प्रवेश हे ठरवणारे सर्व्हर. ते एकमेकांच्या नकला होते आणि सतत एकमेकांशी जुळवून घेत होते. म्हणून वाटलं, दीडशे ठिकाणी आहे, काय बिघडतंय? सगळे एकदमच गेले. वाचला फक्त एक, घानामधला. कारण काय, तर हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती! आपण महावितरणला रोज बोल लावतो, पण इथे लोडशेडिंगनं एक जागतिक कंपनी वाचवली. त्या एका जिवंत नकलेच्या आधारानं सगळी उभारणी झाली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर दावोसला सांगितलं.

घानाचा तो सर्व्हर वाचला, कारण तो त्या क्षणी तुटलेला होता. जी नक्कल मूळ यंत्राला कायम जोडलेली आहे, ती मूळ यंत्राबरोबर बुडते, मग पाणी वाशिष्ठीचं असो की युक्रेनमधून आलेलं असो.

"आम्ही काही मर्स्क नाही," असं कोणी म्हणेल. म्हणून शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. १९९० च्या दशकापासून युनिकोड रुळेपर्यंत मराठीतली असंख्य पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या फाँटांत तयार झाल्या. त्या फाईली नुसत्या कॉपी करून ठेवल्या तर आजच्या संगणकावर काय दिसतं? अर्थहीन चिन्हांची रांग. त्या वाचायला तो फाँट हवा, तो प्रोग्राम हवा, कित्येकदा ती जुनी विंडोज आणि मागे लावायचं लॉकही हवं. इथे स्नॅपशॉट उपयोगाचा नाही, फाईलींचा बॅकअपही अपुरा. इथे अख्ख्या यंत्राची इमेज लागते. कोपऱ्यात धूळ खात पडलेला डीटीपीचा संगणक भंगारात देण्याआधी त्याची इमेज काढली नाही, तर एका संस्थेची पंधरा-वीस वर्षं कायमची मुकी होतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं. जुना छापील कागद आजही उघडून वाचता येतो, पण विसाव्या शतकाच्या अखेरची डिस्क आपल्याला वाचता येईल का, याची शाश्वती नाही.

तेव्हा काय करायचं? अपडेट किंवा नवा प्रोग्राम टाकण्याआधी स्नॅपशॉट घ्या, तो चुकीसाठी आहे. दर महिन्याला बाहेरच्या डिस्कवर इमेज काढा, ती डिस्कच्या मरणासाठी आहे. इमेज झाली की वायर काढा. ती डिस्क दुसऱ्या घरी, उंचावरच्या वाडीत नातेवाइकांकडे ठेवा. खाऱ्या हवेचा आणि दमटपणाचा विचार करून कोरड्या, बंद डब्यात ठेवा. रोजचं लिखाण वेगळं कॉपी करा, कारण महिन्याच्या इमेजमध्ये कालचं पान नसतं. आणि वर्षातून एकदा ती इमेज जुन्या रिकाम्या डिस्कवर टाकून संगणक खरोखर चालू होतो का, हे बघा. न तपासलेली नक्कल म्हणजे न उघडलेला आंबा. पेटी भरलेली दिसते, आत काय आहे ते कापल्यावरच कळतं.

जूनच्या आत हे एकदा करून टाका. आता प्रश्न असतील तर विचारा.