जोहार आणि सलाम

दापोलीला जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात. इंग्रजांची छावणी कधीच उठली, पण पेन्शनीत निघालेले महार शिपाई तिच्या आसपास घरं करून राहिले. पलटणीच्या शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर असलेले बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्त झाल्यावर मुलाबाळांसह काही काळ इथंच होते. आमच्या घराच्या गोष्टीही इथूनच सुरू होतात. त्याआधीचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

माझा खापरपणजा मुंबई पलटणीत होता. आजी त्याची गोष्ट तिच्या सासूकडून ऐकलेली सांगायची. गावात पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून लांबूनच 'जोहार मायबाप' म्हणायचं. छावणीत मात्र त्याचा हुद्दा वरचा, म्हणून मराठा शिपाई टाचा जुळवून त्याला सलाम ठोकायचा. रजेवर येताना तो शिवेबाहेरच बूट काढायचा, वर्दी पेटीत भरायचा आणि मग गावात शिरायचा. 'लाज वाटायची होय गं त्याला?' असं मी एकदा विचारलं. आजी म्हणाली, 'लाज कसली? मार नको म्हणून.'

वर्दीनं गावाचं मन बदललं नाही, हे खरंच. बदललं ते वर्दीतल्या माणसाचं आणि त्याच्या बायकोमुलांचं. पलटणीच्या शाळेत शिपायांची मुलं शिकत, मुलीही शिकत. छावणीत वाढलेली पोर वाचायला शिकून गावात सून म्हणून आली, की तिला वेशीवरचं जिणं देवानं नेमून दिलंय हे पटवणं अवघड व्हायचं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1886 साली फौजेतून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली.

पण सरकारलाही जात कळत होती, आणि ती आपल्या पद्धतीनं कळत होती. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात लढवय्या वंशांची कल्पना बळावली. शीख, गुरखे, पठाण हे जन्मजात शूर. बाकीच्यांनी घरी बसावं. 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत इंग्रजांकडून पडलेल्यांची नावं आहेत, त्यांतल्या कितीतरी नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ती महारांची. ते दगडावरच राहिलं. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून वलंगकरांनी 1894 साली अर्ज तयार केला, पुढं 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. वलंगकरांचा अर्ज वाचताना मला एक गोष्ट खटकते. आम्हीही मूळचे क्षत्रियच, असं ते मांडतात. म्हणजे शौर्य रक्तातून येतं हे मान्यच, तक्रार एवढीच की यादीत आमचं नाव नाही. अर्थात ज्याची भाकरीच काढून घेतली, त्यानं दुसरं काय लिहायचं होतं?

महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा वंशाचा सिद्धांत जरा बाजूला सरकला. 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली. 1921 मध्ये मोडली. तिच्यातच माझा पणजा होता. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतलेल्या लोकांवर हल्ला झाला. डोकी फुटली. जमलेल्यांत फौजेतून आलेले गडी कमी नव्हते, एका इशाऱ्यावर ते तुटून पडले असते. बाबासाहेबांनी हात उचलू नका म्हणून सांगितलं आणि ते थांबले. पणजा त्यांत होता म्हणतात. हुकूम पाळायची सवय तिथं अशी उपयोगी पडली.

आता भावकीतली गोष्ट, जी जयंतीच्या भाषणात कुणी सांगत नाही. पेन्शनवाल्यांची घरं वेगळी पडली होती. ती मेलेलं ढोर ओढायची नाहीत, बलुतं मागायला जायची नाहीत, आणि जे जायचे त्यांच्या घरी मुलगी द्यायची नाहीत. आमच्या माजघरात कंदिलाशेजारी पितळी बटणांची डबी असे; येसकरकी करणाऱ्या चुलत घरातली पोरं ती बघायला आली की आजी डबी उचलून ठेवायची. ज्यानं गावाची पायरी सोसली, त्यानंच घरात दुसरी पायरी बांधली.

1941 च्या जुलैत बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच ऑक्टोबरात बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आजा त्या भरतीतला. 1946 साली रेजिमेंट मशीनगनची झाली. पुढं तिच्यात सगळ्या जातीप्रांतांची माणसं आली, आणि नाव मात्र तेच राहिलं. एका जातीचं नाव छातीवर लावून तमिळ, बंगाली, गढवाली जवान एका पंगतीत जेवू लागले, याचं आज्याला फार अप्रूप होतं.

1986 मध्ये जनरल सुंदरजी लष्करप्रमुख झाले. तेही महार रेजिमेंटचेच. आज्यानं पेढे वाटले. धाकटा काका म्हणाला, 'बाबा, तो तमिळ बामण. आपल्यातला कुठून झाला?'

'आमच्या रेजिमेंटचा आहे,' आजा म्हणाला, 'तुझ्यापेक्षा जवळचा.'

त्याच उन्हाळ्यात आत्याच्या मुलीला खेडचं एक स्थळ आलं. मुलगा मास्तर, घर चांगलं. आज्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवून विचारलं, 'ते ठीक, पण त्यांच्यात फौजेत कोण होतं?'