एका घराची तीन आत्मवृत्ते

सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने आत्मचरित्राकडे वळावे ते साधारणतः पुरावा वेचण्यासाठी. केशवपन केव्हा झाले, ग्रामण्य कोणी उभे केले, शाळेत नाव कधी घातले, एवढे टिपून घेतले की पुस्तक बाजूला ठेवले जाते. या रीतीने तपशील हाती येतो, परंतु तो ज्या दुःखाच्या आणि वाढीच्या ओघात सांगितला गेला, तो ओघ मात्र हातचा सुटतो. एकाच कुटुंबातील अनेक व्यक्तींनी आपापल्या आठवणी लिहिल्या असतील तर ही उणीव विशेष जाणवते. कर्वे घराण्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये, आणि पत्नी आनंदीबाई यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये, सून कावेरी कर्वे यांच्या संपादनाखाली बाहेर पडले. तिन्ही शीर्षके प्रथमपुरुषी खरी, पण त्यांची जात निरनिराळी. ‘वृत्त’ म्हणजे झाल्या गोष्टीचे निवेदन. ते सभेपुढे ठेवावयाचे असते. ‘कहाणी’ व्रताच्या दिवशी बायकांनी बायकांत सांगावयाची. ‘पुराण’ हा शब्द व्यवहारात थट्टेनेच येतो: ज्याचे ऐकून घेण्यास कोणाला सवड नाही, त्याचे लांबलेले सांगणे. आनंदीबाईंनी आपल्या आयुष्याला तो लावावा, यात विनय आहेच; पण कोपरखळीही आहे, असे मानण्यास हरकत नाही.

या दोघी सख्ख्या बहिणी, देवरुखच्या जोशी घराण्यातील. थोरली गोदूबाई आठव्या वर्षी विवाहित झाली आणि तीन महिन्यांत विधवा. धाकटी पार्वतीबाई विसाव्या वर्षी, पदरी मूल असताना विधवा झाली. दोन्ही प्रसंगांना ‘वैधव्य’ हा एकच शब्द लागतो, आणि सुधारणेच्या चळवळीच्या इतिहासात तो तसाच वापरला जातो. वस्तुतः जे गेले ते एक नव्हे. पार्वतीबाईंचा सहवासातील माणूस गेला. गोदूबाईच्या बाबतीत हरवण्याजोगे माणूस ओळखीचेच झालेले नव्हते. गेले ते पुढचे सर्व आयुष्य, आणि ते गेल्याचे तिला इतरांच्या वागणुकीवरून कळत गेले. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडले, तेव्हा भाऊ नरहरपंत यांच्या साहाय्याने ती तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. मुरूडच्या ग्रामस्थांनी घातलेला बहिष्कार हा कर्व्यांच्या चरित्रातील एक प्रसंग होय. आनंदीबाईंच्या बाजूने पाहता तेथून दुसऱ्या वियोगास आरंभ होतो: सासर मिळाले खरे, पण त्याचे दार बंद होते.

धाकटीने पुनर्विवाहाचा मार्ग स्वीकारला नाही. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९०० पासून हिंगण्यास स्थिरावू लागलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामास तिने स्वतःस वाहून घेतले, वर्गणीसाठी भ्रमंती केली, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस जाऊन तेथे घरकामही केले. विधवेची वाढ म्हणून अभ्यासक जे दाखवितात ते हेच. आणि परदेशी वाचकासही जस्टिन ॲबट यांच्या १९३० च्या इंग्रजी अनुवादातून याच बहिणीची ओळख झाली.

येथेच प्रश्न उभा राहतो. आश्रमाला सनातनी घरांतून मुली आणि पैसा दोन्ही मिळवावयाचे होते. त्यासाठी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून त्यास अलिप्त ठेवणे कर्व्यांस आवश्यक वाटले, आणि संस्थेच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु त्याचा अर्थ असा की, विधवांच्या उद्धारासाठी उभारलेल्या संस्थेत पुनर्विवाहित पत्नीला, संस्थापकाचीच असूनही, मोकळे स्थान नव्हते. शिल्लक आणि आयुर्विमाही आश्रमाकडे गेल्यावर घर चालविण्याची काळजी तिच्याकडे उरली. ‘आत्मवृत्ता’त हा त्यागाचा हिशेब आहे, ‘माझे पुराणा’त तोच हिशेब जिच्या पदरातून रक्कम गेली तिने मांडलेला आहे. दोन्ही जमाखर्च खरे आहेत. केवळ पहिला वाचून संस्थेचा इतिहास लिहिण्याची जी प्रथा पडली, ती मात्र समर्थनीय नाही.

आनंदीबाई हे सांगू शकल्या ते विवाहानंतर एकावन्न वर्षांनी. पती हयात होते, संस्था स्थिर झाली होती, मुले मोठी झाली होती. हे १९१५ मध्ये लिहिले जाते तर वर्गणीदार बिचकले असते, आणि कदाचित लेखणीही. म्हणून प्रकाशनाचे साल ही केवळ ग्रंथसूचीतील नोंद समजू नये. तीन पुस्तके काळाच्या क्रमाने एकापुढे एक ठेवली म्हणजे कोणती गोष्ट कोणत्या साली बोलण्याजोगी झाली, याचाच एक इतिहास त्यांतून निघतो.

या घरात चौथे एक आयुष्य आहे. कर्व्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ काढणारे रघुनाथ त्यांचे पुत्र. राधाबाईंनी वृत्त, कहाणी वा पुराण काहीच मागे ठेवले नाही. त्यांच्याविषयी जे वाचावयाचे ते पतीच्या पुस्तकात, आणि तेही चोवीस वर्षांनंतर लिहिलेले.