रेडिओचं देवघर

लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पोत्यावर टाकून पायपुसणं व्हायचं, आणि पायपुसण्याचेही धागे सुटले की चुलीजवळचं फडकं. धोतराच्या शेवटच्या पदराला दिव्याची वात होण्याचं भाग्य मिळायचं. मोडक्या तिफणीचं फण दाराच्या कोंड्याला, बैलगाडीच्या चाकाची धाव विहिरीच्या काठाला. गावात हे कुणी कुणाला शिकवलं नाही. वस्तू टाकायची असते, हेच मुळात ठाऊक नव्हतं. त्यामुळं पुढं विजेची यंत्रं गावात आली आणि एकेक करून गप झाली, तेव्हा त्यांनाही हाच न्याय लागला. मला सांगायचंय ते त्या यंत्रांच्या या दुसऱ्या जन्माविषयी.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या अंगाला. मुंबईत रेडिओचं केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला, पण आमच्या गावाला त्याचा आवाज पोचायला पाव शतक लोटावं लागलं. २ ऑक्टोबर १९५३ ला पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि रेडिओ आपल्या बोलीत बोलू लागला. मग १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग झाला. पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली, गावोगाव वीस-वीस माणसांची मंडळं केली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास शेतीचा, खतांचा, आरोग्याचा कार्यक्रम ऐकायचा आणि ऐकून झाल्यावर उठायचं नाही, त्यावर बोलायचं. असे वीस कार्यक्रम झाले. पुढं १९५९ पासून हीच पद्धत देशभर नेली. आमचे आजोबा त्या वीसांतले एक. ते म्हणायचे, "रेडू सांगायचा अर्धा घंटा, आन् आमी भांडायचो दोन घंटं."

गावात तेव्हा वीज नव्हती. चावडीतला सेट चालायचा कोरड्या बॅटरीवर. विटेपेक्षा मोठं, पुठ्ठ्यात बांधलेलं नव्वद व्होल्टचं जड ठोकळं, आणि व्हॉल्व्हच्या तारा तापवायला दीड व्होल्टची दुसरी बॅटरी. ती महाग आणि तालुक्यालाच मिळायची, म्हणून तलाठ्यानं आणि पाटलानं मिळून नियम केला होता: कार्यक्रम संपला की सेट बंद. बॅटरी बदलली की सेटच्या मागच्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं तारीख घालायची आणि आणणाऱ्याचं नाव लिहायचं. हा पुठ्ठा लक्षात ठेवा, त्याचं पुढं काम आहे.

आमच्या घरी रेडिओ आला तो वीज आल्यावर, एका साली कांद्याची पट्टी बरी आली तेव्हा. आजोबा म्हणायचे, एका बैलाचे पैसे गेले. सागवानी पातळ फळीनं मढवलेली पेटी, पुढं सोनेरी दोऱ्याचं जाळीदार कापड, खाली चार बटणं, आणि मधोमध काच. त्या काचेवर रोमन अक्षरांत गावांची नावं: दिल्ली, मुंबई, कोलंबो, लंडन. बटण फिरवलं की आत कप्पीवरून दोरा सरकायचा आणि काटा एका गावावरून दुसऱ्या गावाला जायचा. वरच्या कोपऱ्यात एक हिरवा डोळा होता. स्टेशन नीट लागलं की तो मिटत यायचा. चालू केल्यावर अर्धा मिनिट काहीच ऐकू यायचं नाही. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळं घर दम धरून बसायचं.

भिंतीवर तांब्याच्या जाळीची एरियलची पट्टी होती आणि जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार. ती तार नेमकी तुळशीवृंदावनाजवळ पुरली होती. आज्जी रोज तुळशीला पाणी घालायची, माती ओली राहायची आणि खरखर कमी यायची. आज्जीच्या लेखी हा तुळशीचा प्रताप. तो काही अगदीच खोटा म्हणता येत नाही.

रेडिओ म्हणजे सरकारी परवान्याची वस्तू. पोस्टातून छोटं पुस्तक मिळायचं, दरवर्षी फी भरायची आणि त्यात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. खंडेनवमीला नांगर, कुऱ्हाड, विळा यांच्या रांगेत रेडिओलाही हळदकुंकू लागायचं आणि त्या पुस्तकालाही.

या मोठ्या पेट्यांचं आयुष्य संपवलं ट्रान्झिस्टरनं. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलेला तो शोध आमच्या शिवारात पोचला तेव्हा पाणी धरायला जाणारा गडीही खांद्याला गाणी अडकवून जाऊ लागला. टॉर्चचे सेल घातले की झालं. हळूहळू व्हॉल्व्ह मिळेनासे झाले. आमचा रेडिओ बिघडला तेव्हा शिरूरच्या मिस्त्रीनं आतली एक नळी काढून दाखवली. चांगल्या व्हॉल्व्हच्या काचेला आतून आरशासारखी काळसर चांदी असते. हवा शिरली की ती दुधासारखी पांढरी होते. "ही गेली, आन् दुसरी यायची न्हाई," एवढंच तो बोलला.

काका म्हणाले, भंगारात घालू. आज्जीनं पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आरं, गप झाला म्हून काय झालं? सागवान हाय. द्येव बसंल ह्यात."

सुतार आला. त्यानं आतला पत्र्याचा सांगाडा काढला, स्पीकर काढला, कापड उतरवलं. पेटीला वरून गोलाई होतीच, ती आयती महिरप झाली. स्पीकरचं गोल भोक मागून पितळी पत्र्यानं बंद केलं, ती देवांमागची प्रभावळ. हिरव्या डोळ्याच्या भोकात झिरोचा तांबडा बल्ब बसला. आत खंडोबा, जनाई, भैरोबा यांचे टाक, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. गावांच्या नावांची काच सुतार टाकून देणार होता. आज्जीनं ती देवांच्या पुढं, खालच्या पट्टीला बसवून घेतली. तिला ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण काय लिहिलंय ते तिनं आजोबांकडून ऐकलं होतं. "ऱ्हाऊ दे. समदी गावं द्येवाच्या पायाशी हायती." माझ्या धाकट्या बहिणीनं इंग्रजी मुळाक्षरं शाळेच्या आधी त्या काचेवर गिरवली.

पेटीचं असं झालं, आणि आतलं सामानही गावभर गेलं. स्पीकरचं लोहचुंबक गिरणीवाल्यानं नेलं आणि दळणाच्या तोंडाशी बांधलं. धान्यातले खिळे, तारेचे तुकडे जात्यात जाण्याआधी त्याला चिकटायचे. शिंप्याकडंही असंच एक होतं, दिवस मावळला की तो जमिनीवरून फिरवून सांडलेल्या सुया गोळा करायचा. ट्रान्सफॉर्मरमधली केसासारखी बारीक तांबडी तार बायकांनी गौरीच्या आराशीतली कागदी फुलं बांधायला वापरली. व्हॉल्व्ह त्याच आराशीत दोऱ्याला टांगले. समईच्या उजेडात ते असे चमकायचे की पाहुण्या बायका विचारायच्या, हे झुंबर कुठून आणलं? सांगाड्याच्या पत्र्याला व्हॉल्व्हसाठी गोल भोकं होती, त्यात चुलतीनं पळ्या आणि उलथनी अडकवली. बटणं कपाटाच्या खणांना मुठी म्हणून लागली.

पुढची यंत्रंही याच वाटेनं गेली. तमाशाच्या फडाबरोबर फिरणाऱ्या लाऊडस्पीकरवाल्यानं धंदा सोडला तेव्हा त्याचा ॲल्युमिनियमचा कर्णा त्याच्या बायकोनं उलटा टांगून त्यात पोर्तुलाका लावला. नंतरच्या काळातल्या प्लॅस्टिकच्या तबकड्या गरम पाण्यात मऊ करून पातेल्यावर दाबल्या की झालरीच्या काठाची फुलपात्रं होत. लाखेच्या जुन्या तबकड्या मात्र ठिसूळ. त्या हातातून पडल्या की खापऱ्याच. कॅसेटी आल्या, गुंता होऊन गेल्या, आणि त्यांची तपकिरी फीत ज्वारीच्या शेतात दोन काठ्यांना ताणून बांधली. वाऱ्यानं ती भुंग्यासारखी घुमते, उन्हात चकाकते आणि पाखरं कणसावर बसत नाहीत. ज्या फितीवर कुणाची तरी भजनं होती ती अशी पुन्हा वाजू लागली.

१९८७ साली टीव्हीवर रामायण सुरू झालं तेव्हा गावोगाव लोकांनी टीव्हीलाच हार घातले. आमच्या घरी तेव्हा कुणाला त्याचं नवल वाटलं नाही, आमचे देव आधीपासून रेडिओत बसलेले होते. त्या काळच्या टीव्हीला सरकत्या लाकडी दारांचं आणि कुलपाचं खोकं असायचं. टीव्ही गेल्यावर त्याच्या आत औषधाच्या बाटल्या आणि सातबाऱ्याचे उतारे राहू लागले. टीव्हीची काचेची नळी मात्र कुणी घरात ठेवली नाही, आणि ते बरंच झालं. ती आतून निर्वात असते, फुटली तर काचा अंगावर येतात आणि त्या काचेत शिसं असतं. भंगारवाल्यांची पोरं उकिरड्यामागं तारा जाळून तांबं काढायची, त्याचा काळा धूर मी पाहिलाय. दुसऱ्या जन्माची ही बाजूही सांगितली पाहिजे. ज्या वस्तूला घरात जागा मिळाली नाही तिची अशी वाट लागली, आणि तिच्याबरोबर त्या पोरांच्या छातीचीही.

आता शहरात या वस्तूंना भाव आलाय. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात गेलं तर व्हॉल्व्हचे रेडिओ मांडलेले दिसतात. कुणी त्यात दिवा बसवतं, कुणी ब्लूटूथचा स्पीकर, कुणी बाटल्या ठेवायचं कपाट करतं. हॉटेलांच्या भिंतींवर ते नुसते शोभेला असतात. २०१७ साली तर जुन्या रेडिओसारखा दिसणारा आणि आत हजारो गाणी भरलेला नवाकोरा कारवां बाजारात आला आणि घरोघर म्हाताऱ्या माणसांना भेट म्हणून गेला. मला यात वाईट वाटत नाही. आज्जीनं गरजेपोटी केलं ते नातवंडं हौसेनं करतात, एवढाच फरक. हौसही काही कमी दर्जाची नसते. व्हॉल्व्हचं झुंबर करणाऱ्या बायकांनाही ती होतीच.

मला टोचतं ते वेगळंच. पंधराएक वर्षांपूर्वी गावची जुनी चावडी पाडून नवीन इमारत बांधायला घेतली. माळ्यावर तो बॅटरीवरचा सेट सापडला. तरुण पोरांना आनंद झाला. नव्या कचेरीत शोभेला ठेवू म्हणाली आणि खरोखर मनापासून राबली. पेटी घासली, चॉकलेटी ऑइलपेंट दिला, आत पिवळा बल्ब लावला. रात्री कापडातून उजेड पाझरतो तेव्हा ती सुरेखच दिसते. फक्त आतला सांगाडा किलोच्या भावानं गेला, आणि मागचा वाळवी लागलेला पुठ्ठा चावडीच्या राडारोड्यात गेला.

त्या पुठ्ठ्यावर बॅटरी बदलल्याच्या तारखा होत्या, कुणी आणली त्याची नावं होती. वीस माणसांचं ते मंडळ पुढं किती वर्षं बसत होतं, कोण कोण तालुक्याला हेलपाटे घालत होतं, याचा गावात दुसरा कागद नाही. आजोबा गेले, त्यांच्या बरोबरीचे गेले. देशाच्या इतिहासात दीडशे गावांचा आकडा राहिला, आमच्या गावातली वीस नावं राहिली नाहीत. मला सात आठवतात, ती मी वहीत लिहून ठेवली आहेत. पोरांचा दोष नाही. पुठ्ठा वाचायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून अलीकडं कुणी जुन्या रेडिओचा दिवा करायला निघालं की मी एवढंच सांगतो: आधी मागचं झाकण उघडा. पुठ्ठ्यावर, पेटीच्या तळाला, बॅटरीच्या कप्प्यात काय लिहिलंय ते पाहा आणि उतरवून घ्या. मिस्त्रीची खूण असेल, दुकानाची चिठ्ठी असेल, कुणा पोरानं कोरलेलं नाव असेल. सेट अजून चालण्यासारखा असेल तर तो पोखरू नका, जाणत्याला दाखवा. स्वतः आत हात घालू नका, बंद सेटच्या कंडेन्सरमध्येही वीज साठून राहते. एवढं झालं की मग खुशाल दिवा करा, देवघर करा.

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा शेत, विहिरीच्या पाळ्या, भांडीकुंडी यांवर चार दिवस बैठका झाल्या. देवघरावर एक घासाघीस करणारा दुकानदारही येऊन गेला. महिरप जुनी आहे, काच मूळची आहे, म्हणून त्यानं चांगली किंमत सांगितली. थोरला चुलतभाऊ विचारात पडला, त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं. धाकट्या चुलतीनं टाक हलवले आणि प्रभावळीमागून एक मळकं पुस्तक काढून सगळ्यांसमोर ठेवलं. रेडिओचा परवाना. आजोबांचं नाव, गावाचं नाव, सेटचा नंबर, आणि एकाखाली एक वर्षांची तिकिटं. रेडिओ बंद पडल्यावरही आजोबांनी दोन वर्षं फी भरली होती. का भरली, ते कुणाला ठाऊक नाही. पुढं १९८० च्या दशकात सरकारनं परवानाच बंद केला.

पुस्तक सगळ्यांच्या हातातून फिरलं. थोरल्यानं ते शेवटी मिटलं आणि दुकानदाराला चहा पाजून वाटेला लावलं. चुलतीनं शेताच्या वाटणीत एक पाळी पाणी सोडलं आणि देवघर घेतलं.