अर्जातले हरवलेले पान

१९६३ साली एनसीईआरटीने केवळ दिल्लीपुरती एक छोटी योजना सुरू केली. अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी अवघ्या १० शिष्यवृत्त्या. पुढच्याच वर्षी ती देशभर लागू झाली आणि शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० वर गेली. राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध हे तिचे नाव. मूलभूत विज्ञान शिकू इच्छिणाऱ्यास थेट डॉक्टरेटपर्यंत आधार देणे हा तिचा हेतू.

या योजनेत विद्यार्थ्याकडून काय मागितले जाई, हे आज मुद्दाम आठवावे असे आहे. विज्ञान अभिक्षमता चाचणी, दिलेल्या वैज्ञानिक विषयावर निबंध, स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल आणि शेवटी मुलाखत. प्रकल्पाचा अहवाल लेखी परीक्षेच्या वेळीच सादर करावा लागे. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने परीक्षेला बसण्यापूर्वीच एखादा प्रश्न हाती घेऊन त्यावर काही काम केलेले असावे, अशी अपेक्षा होती.

१९७६ मध्ये १०+२+३ या आकृतिबंधाच्या पार्श्वभूमीवर योजनेचे रूप पालटले. समाजशास्त्रे, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांनाही तिचे दार उघडले, शिष्यवृत्त्या ५०० झाल्या. निबंध आणि प्रकल्प मात्र गेले. त्यांच्या जागी दोन वस्तुनिष्ठ चाचण्या आल्या. आपल्या परिचयाची राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा ती हीच. आयआयटीच्या प्रवेश परीक्षेतही २००६ पासून सविस्तर उत्तरे लिहिणे संपले, पर्याय निवडणे उरले.

या बदलास सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. प्रकल्प वडीलधाऱ्यांनी करून दिलेला असू शकतो. मुलाखतीत सफाईदार इंग्रजी बोलणारा उजवा ठरू शकतो. उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र मात्र कुणाचे आडनाव वा गाव विचारत नाही. लाखो उमेदवारांच्या देशात हा गुण लहान नव्हे. तरीही त्याची किंमत आपण मोजली आहे. ज्याचे उत्तर चार पर्यायांत बसत नाही, अशा प्रश्नाशी महिनाभर झुंजणाऱ्या मुलाला ते दाखवण्यासाठी अर्जात जागाच उरली नाही.

ही जागा काही अंशी राखणाऱ्या व्यवस्थाही होत्या. १९९९ मध्ये सुरू झालेल्या किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेत चाचणीनंतर मुलाखत असे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०११ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा प्रवेशाचा एक मार्ग या योजनेतूनच जात होता. प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ मध्ये स्थगित झाली. २०२२ मध्ये किशोर वैज्ञानिक योजनेची स्वतंत्र परीक्षाही थांबली, आणि त्याच वर्षी केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी आली.

आता वारा किंचित फिरताना दिसतो. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून कानपूर आणि मद्रास येथील आयआयटींनी ऑलिम्पियाडमधील कामगिरीवर आधारित प्रवेशाचा मार्ग खुला केला. भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये लेखी परीक्षेच्या जोडीला प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असते, हे येथे लक्षात घ्यावे. भारतीय सांख्यिकी संस्था तर आजही गणिताची उत्तरे सविस्तर लिहून मागते आणि मुलाखत घेते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे निबंध आणि शिक्षकांची शिफारसपत्रे पाहतात.

मग अकरावीतल्या विद्यार्थ्याने काय करावे? प्रमाणपत्रांची चळत रचू नये. १९६४ च्या त्या परीक्षेने जे मागितले होते, ते आज कोणी मागो वा न मागो, करावे: एक प्रश्न, एक वही, काही महिने.

उदाहरणार्थ, लंबकाचा आवर्तकाल त्याच्या झोक्याच्या विस्तारावर अवलंबून नसतो, असे आपण पाठ करतो. एक मीटर दोरीला जड नट बांधा आणि झोका ६० अंशांपासून सोडा. सिद्धांताप्रमाणे आवर्तकाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढायला हवा. म्हणजे १० आंदोलनांत जवळजवळ दीड सेकंद. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हा फरक दिसतो. पण तो अपेक्षेहून कमी भरेल, कारण हवेच्या रोधामुळे झोका लहान होत जातो. तो किती वेगाने लहान होतो? नट बदलला तर? येथून पुढचे पाठ्यपुस्तकात सापडत नाही, आणि खरे काम येथूनच सुरू होते.

अशा वहीत तारखा असाव्यात, फसलेली मोजमापे खोडलेली नसावीत, आणि कोणी काय मदत केली तेही लिहिलेले असावे. ती वही शिकवणीच्या फीमध्ये मिळत नाही, आणि तालुक्याच्या शाळेतील मुलीलाही ती तितकीच साध्य आहे. शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकाला ती सांगण्यासारखे काही देते. मुलाखतीत समोरच्या प्राध्यापकाला विचारण्यासारखे काही देते. आणि जेथे केवळ गुणच मोजले जातात, तेथेही ती वाया जात नाही. संशोधनाला पुढे जी सवय लागते, ती तोवर जडलेली असते.

आपल्या ओळखीत अकरावीत गेलेले कोणी असेल, तर त्याला एक कोरी वही जरूर द्या.